ज्या ओव्हनमध्ये पीसीबीच नसतं, त्याचं पीसीबी बदलायला माझे ५,२४९ रुपये गेले

व्हिजिटचे ३९९, अ‍ॅडव्हान्स २,००० आणि ओव्हन परत आणून दिल्यावर २,८५०. एकूण ५,२४९ रुपये. माझा ओव्हन तीन नॉबवाला साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, त्यात पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, हा भागच नसतो. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. तरीही लिहितेय, कारण दिवाळीच्या तोंडावर घरोघरी ओव्हन बाहेर निघतात आणि बनावट दुरुस्तीवाल्यांचं तेव्हाच फावतं.

बिघाड साधा होता. नानकटाई वरून लाल आणि खालून कच्ची. नेटवर कंपनीचं नाव आणि आमच्या उपनगराचं नाव टाकलं, पहिला आला त्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने कंपनीचंच नाव घेतलं, तक्रार क्रमांक दिला, मेसेजही आला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा ओव्हनच्या मागच्या स्टिकरवर असतो. तिथला घ्या, नेटवरचा घेऊ नका.

माणूस आला, मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी उड गया है. वर्कशॉप ले जाना पडेगा."

इथेच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं. हातात मीटर नाही, प्लग लावून पाहिला नाही, सगळी तपासणी टॉर्चच्या उजेडात. पण मला शंका का आली नाही तेही सांगते. आमच्या मायक्रोवेव्हचं पीसीबी मागे खरंच गेलं होतं आणि अधिकृत माणसाने ते बदललं होतं. शब्द ओळखीचा होता, खर्चाचा अंदाजही तेवढाच होता. आमच्या मायक्रोवेव्हला बटणांचं पॅनेल आहे म्हणून त्यात पीसीबी आहे. फिरवायच्या नॉबवाल्या ओटीजीत थर्मोस्टॅट, टायमर, सिलेक्टर स्विच, रॉड आणि जास्त तापल्यास वीज तोडणारा थर्मल कट-ऑफ, एवढाच कारभार. स्क्रीनवाले डिजिटल ओटीजी वेगळे. हे मला आता पाठ आहे. आधी कुठल्या गृहिणीला पाठ असतं?

ओव्हन परत आला तेव्हा त्याने स्वयंपाकघरातच चालू करून दाखवला. वरचा रॉड लालभडक, काचेबाहेर झळ. "देखो, कैसा गरम हो रहा है." आत ट्रे होता, त्यामुळे खालचा रॉड दिसतच नव्हता. तो ट्रे मी बाहेर ओढायला हवा होता. दोन सेकंदांचं काम, पण तो घाई करत होता, नानकटाईची घेतलेली ऑर्डर डोक्यावर होती, आणि इतका तापलेला ओव्हन बघून कोण म्हणेल की दुरुस्त झाला नाही? २,८५० जीपे केले. नाव दुकानाचं आलं नाही, कुणा भलत्याच माणसाचं आलं. तेही मी पाहिलं आणि पैसे पाठवले.

पुढची नानकटाई काही मिनिटांत वरून कोळसा झाली. नॉब १८० वर होता, तरी रॉड एकदाही बंद होईना. ऑर्डरचे घेतलेले १,८०० परत करावे लागले, ते वेगळेच. त्याचा नंबर अर्थातच बंद.

शेवटी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने प्लग काढून ओव्हन उघडला. पीसीबी नव्हतंच, नवीन काहीच नव्हतं. खालचा रॉड तसाच मेलेला. त्यावर ८०० वॉट छापलंय, म्हणजे मीटरवर ६६ ओहमच्या आसपास दाखवायला हवं. मीटर काहीच दाखवेना. आणि मग तो म्हणाला, "ताई, थर्मोस्टॅट आणि कट-ऑफ दोन्ही डायरेक्ट केलेत." म्हणजे दोन्हींना बगल देऊन वायर जोडलेली. ओव्हन भरपूर तापतोय असं दिसावं म्हणून तापमान आवरणारे दोन्ही भाग त्याने निकामी केले. माझा मुलगा त्या ओव्हनसमोर उभा राहून टोस्ट करतो. पैशांपेक्षा मला याची चीड जास्त येते. लोहार चाळीतून रॉड ३४० ला आला, थर्मोस्टॅट आणि कट-ऑफ मिळून ४१०, मजुरी ३००. दुरुस्ती एवढीच होती.

काम झाल्यावर जुना पार्ट मागा. तो देत नसेल तर पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यात सांगितलं, तर "दुरुस्ती नीट झाली नाही, तो ग्राहक मंचाचा विषय." ओव्हनमध्ये नसलेला भाग बदलला म्हणून पैसे घेणं ही नीट न झालेली दुरुस्ती आहे का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे, असं म्हटल्यावर हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी केलंय. मग सायबरकडे बोट. तिथे, "ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, मग सायबर कसं?" बँकेत, "व्यवहार तुम्हीच मंजूर केलात." कंपनीच्या खऱ्या नंबरवर, "बाहेरच्या माणसाने उघडला, वॉरंटी गेली." ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत शुल्क नाही हे खरं, पण तक्रारीत समोरच्याचा पत्ता लिहावा लागतो. माझ्या पावतीवर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, फक्त "९० दिवस वॉरंटी" असा शिक्का आहे. पत्ता शोधायचा कुणी? ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव-गाव बँकेकडे आहे, पोलिसांनी मागितलं तर मिळेल, आणि पोलीस मागायला तयार नाहीत. रक्कम लहान म्हणून सगळ्यांना ती क्षुल्लक वाटते. माझ्यासाठी ती महिन्याची कमाई आहे.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तासातासाने रक्कम पुढे सरकते.

शेजारच्या काकूंच्या गॅस ओव्हनलाही हाच अनुभव येता येता राहिला. नॉब सोडला की ज्योत विझत होती, आणि आलेला माणूस "पूरा व्हॉल्व्ह बदलना पडेगा, ४,६००" म्हणत होता. अशा वेळी बहुधा थर्मोकपल (ज्योत पेटलीय का ते ओळखणारा छोटा भाग) काजळलेलं किंवा सैल असतं. काकूंनी त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. गॅसला मात्र स्वतः हात घालू नका, कंपनीचाच माणूस बोलवा.

काकूंच्या फोनवरून मी परवा नेटवर मिळालेला तोच जुना नंबर लावला. चालू आहे. तीच मुलगी, फक्त कंपनीचं नाव दुसरं. म्हणून पुन्हा लेखी तक्रार दिली, या वेळी पोच घेतली. पत्ता नसलेली, ९० दिवसांचा शिक्का मारलेली पावती तुमच्याकडे असेल तर फेकू नका, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉटही ठेवा, आणि तुमच्या ठाण्यात लेखी द्या. आयोगाच्या परवानगीने अनेक ग्राहक मिळून एकच तक्रार करू शकतात. मी करायला तयार आहे.