गराजमधलं जीएफसीआय: भिंतीवर की पॅनलमध्ये?

अमेरिकेतल्या घराच्या गराजमध्ये आउटलेटला जीएफसीआय, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारं संरक्षण, लागतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे तिथली वायरिंगची नियमावली, ते १९७८ पासून मागतोय. दरवाजा विजेवर उघडणाऱ्या ओपनरला आणि एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या फ्रीजरला जी सूट होती, तीही २००८ च्या आवृत्तीत गेली. प्रश्न उरतो तो जागेचा. हे संरक्षण भिंतीवरच्या आउटलेटमध्ये ठेवायचं की पॅनलमधल्या, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतल्या, ब्रेकरमध्ये? कोडला दोन्ही चालतं. मी दोन्ही वापरलंय, आणि माझं मत एका फार क्षुल्लक कारणावरून बनलं, हे आधीच सांगून टाकतो.

कोड वाचताना घोटाळा होतो तो बारीक शब्दांत. गाडीच्या प्रत्येक जागेसाठी निदान एक आउटलेट हवं, आणि ते जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आत. म्हणजे छताला ओपनरसाठी जे आउटलेट असतं ते या हिशेबात धरता येत नाही. माझ्या मनात ते कितीतरी वर्षं धरलेलं होतं. २०१७ पासून गराजच्या आउटलेटना निदान एक २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट द्यावं लागतं, त्यावर दिवे वगैरे जोडायचे नाहीत. घराबाहेरचं, सहज हाताशी येणारं आउटलेट मात्र त्यावर घेतलेलं चालतं. (तुमच्या गावात कुठली आवृत्ती लागू आहे ते बिल्डिंग खात्याला विचारा. नवी आवृत्ती दर तीन वर्षांनी येते, पण राज्यं आणि गावं ती आपापल्या सवडीनं स्वीकारतात.)

या बाहेरच्या आउटलेटच्या सवलतीनंच माझा घात केला.

आमच्या गराजमध्ये एकच जीएफसीआय आउटलेट होतं, मागच्या भिंतीवर. त्याच्या लोड बाजूवरून, म्हणजे वीज पुढे नेणाऱ्या जोडणीवरून, बाकीची सगळी आउटलेटं: फ्रीजरचं, छतावरचं आणि बाहेरचंही. वायरिंग म्हणून यात काही चूक नव्हती. पण दिवाळीच्या माळा मी नोव्हेंबर संपत आला तरी काढल्या नव्हत्या. पाऊस झाला, एका जोडात पाणी शिरलं, आणि जीएफसीआयनं आपलं काम चोख केलं. चार ते सहा मिलिअँपिअर गळती झाली तरी ते तुटतं, म्हणजे वीज बंद करतं, आणि तसंच तुटायला हवं. आम्ही रात्री परत आलो तर रिमोट दाबून दरवाजा ढिम्म. पुढच्या दारानं आत गेलो, मोबाइलच्या उजेडात गराजमध्ये शिरलो, आणि मग आठवलं की रीसेटचं बटण मीच उभ्या केलेल्या लोखंडी रॅकच्या मागे आहे, आणि रॅकपुढे बर्फात वापरायचे चार टायर एकावर एक. टायर हलवले, पेंटचे डबे हलवले, हात कोपरापर्यंत आत घालून बटण चाचपडलं. त्या महिन्यातली ती तिसरी वेळ होती.

नंतर कोडमधली व्याख्या वाचली. जीएफसीआय ‘सहज पोहोचता येईल’ अशा जागी हवं, आणि सहज म्हणजे काय तेही लिहिलंय: अवजार न घेता, कशावर न चढता, कशाखाली न वाकता, शिडी न लावता आणि वाटेतलं काही न हलवता. छताच्या आउटलेटमध्येच जीएफसीआय बसवून का चालत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. पण टायर हलवणंही त्याच वाक्यात बसतं. घर बांधणाऱ्यानं नियम पाळला होता, मोडला मी. आणि रॅक लावताना ते तपासायला कुणी येत नसतं.

आउटलेटच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. ते स्वस्त आहे. हाताला सवय असलेला माणूस सर्किट बंद करून, तारा तपासून ते स्वतः बदलू शकतो, फक्त लाइन (वीज आत येते ती बाजू) आणि लोडची अदलाबदल होऊ द्यायची नाही. ड्रिल चालवताना तुटलं तर बटण तिथंच समोर. शिवाय प्रत्येक जागी वेगळं जीएफसीआय लावून लोड बाजू मोकळी ठेवली, तर एकाच्या गळतीनं दुसरं बंद पडत नाही. छताच्या आउटलेटसाठी एक मधला मार्गही आहे: प्लगची भोकं नसलेलं, नुसती बटणं असलेलं जीएफसीआय घरात जाणाऱ्या दाराशी स्विचच्या उंचीवर बसवायचं. माझ्या एका मित्रानं तसंच केलंय आणि तो सुखात आहे.

मी मात्र ब्रेकरकडे वळलो. आमचं पॅनल गराजमध्येच आहे, आणि पॅनलसमोर साधारण ३० इंच रुंद, ३६ इंच खोल जागा मोकळी ठेवायला कोड सांगतो. तिथे सामान रचायचं नाही, असं स्पष्ट आहे. आउटलेटपुढची जागा मोकळी ठेवणं माझ्या शिस्तीवर अवलंबून होतं, आणि ती शिस्त काय दर्जाची आहे ते टायरांनी दाखवलंच होतं. पॅनलसमोर मात्र घरातलं कुणीच काही ठेवत नाही. आता काहीही तुटलं की बटण कुठे, हा प्रश्नच येत नाही.

त्याचे तोटे आहेत, नाही असं नाही. किंमत आउटलेटच्या दुप्पट-तिप्पट पडते, आणि पॅनल ज्या कंपनीचं, ब्रेकर त्यालाच साजेसा लागतो. सर्किटचा न्यूट्रल ब्रेकरला जोडावा लागतो. जुन्या घरात तो न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी मिसळलेला असेल, तर ब्रेकर लावल्यालावल्या पडतो आणि दोष ब्रेकरला दिला जातो. हे काम मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, कारण मुख्य ब्रेकर बंद केला तरी बाहेरून पॅनलमध्ये येणाऱ्या तारा जिवंतच असतात. आणि हो, तुटला की सगळंच जातं, फ्रीजरसकट. फ्रीजरसाठी मी बॅटरीवर वाजणारा तापमानाचा अलार्म घेतला. बाहेरचं आउटलेट नंतर वेगळ्या सर्किटवर काढलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर निम्मा त्रास त्यानंच गेला.

विजेवरच्या गाडीसाठी २४० व्होल्टचं आउटलेट घेणार असाल, तर निवड बहुतेक आपोआप होते. त्या दणकट आउटलेटला स्वतंत्र सर्किट आणि जीएफसीआय दोन्ही लागतं, आणि व्यवहारात ते ब्रेकरमधूनच येतं. काही चार्जरांचं आतलं संरक्षण आणि हा ब्रेकर यांचं पटत नाही, अशी तक्रार बरेचदा ऐकू येते. म्हणून चार्जर थेट वायरनं जोडण्याकडे माझा कल आहे, पण तो अजून नुसता कल आहे.

पॅनल तळघरात असेल, किंवा गराज घरापासून सुटं असून त्याचा ब्रेकर घरात असेल, तर माझं ऐकू नका. जानेवारीत बर्फ तुडवत ब्रेकरपर्यंत जाण्यापेक्षा भिंतीवरचं बटण बरं. पण पॅनल गराजमध्ये असेल आणि तुमचाही एखादा रॅक असेल, तर मी ब्रेकरच घेईन.

रॅकमागे आता साधं, लहान मुलांपासून सुरक्षित असं आउटलेट आहे. टायर अजून तिथेच आहेत.