ड्रोनच्या नावाखाली आमच्या बचत गटाचे २,१६,३०० रुपये गेले

रक्कम आधी सांगते, कारण गावात कुणी लाखभर म्हणतंय, कुणी पाच लाख. बारा बायकांचे प्रत्येकी दहा हजार, गटाच्या बचतीतले साठ हजार, मग 'कागदपत्र शुल्क' म्हणून ११,८०० आणि शेवटी 'विमा' म्हणून २४,५००. एकूण २,१६,३००. गटाची अध्यक्ष मी आहे. सगळ्या कागदांवर सही माझी आहे.

"शिकलेल्या बायका असून फसल्या" असं म्हणणाऱ्यांनी एक ऐकावं. योजना खोटी नव्हती. नमो ड्रोन दीदी ही केंद्राची योजना आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, देशातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे म्हणून. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. हे सगळं मी पेपरात वाचलं होतं. आम्हाला फसवणाऱ्या माणसांनी यातलं एक अक्षर खोटं सांगितलं नाही. खोटं एवढंच होतं की ते मिळवून देणारे आपण आहोत.

आणि गरज आमची खरी होती. पन्हाळा तालुक्यात आमच्याकडं ऊसच ऊस. आठ महिन्यांच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरून बघा, पानांनी हातातोंडावर चिरा पडतात. फवारायला माणूस मिळत नाही. गटाचा ड्रोन असता तर चार गावांचं काम मिळालं असतं, हे गणित आजही चुकीचं नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉलवर या माणसांचा मेळावा होता, 'महिला कृषी नेतृत्व आणि नवतंत्रज्ञान' असा फलक. बोलणाऱ्यानं वारणेचा दाखला दिला, की १९९८ सालात वारणानगरच्या आसपासच्या खेड्यांत संगणक आले तेव्हा लोक हसले होते. मग म्हणाला, "गावात पुढारी रग्गड झाले, आता तंत्रज्ञान आणणारी बाई पाहिजे." तिथं मी अडकले. पंधरा वर्षं गट चालवते, नेतृत्व हा शब्द मला उद्देशून कुणी वापरला नव्हता.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं रात्री झोप लागत नाही. बँकेत पैसे पाठवायची स्लिप आमची सचिव भरत होती. खातेदाराचं नाव लिहिताना थांबली. म्हणाली, "अक्का, ह्ये तर कुणा माणसाचं नाव हाय. कंपनीचं कुठं हाय?" मी तिथूनच मेळाव्यातल्या साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे आमच्या जिल्हा समन्वयकांचं खातं. आणि मी सचिवेला म्हणाले, "भर गं तू, उशीर होतोय." तीन वाजत आले होते, गावाकडची एसटी धरायची होती. पोरगी बारावी शिकलेली, तिला कळलं आणि मी तिला गप्प केलं. पैसे गेल्यापेक्षा हे जास्त लागलंय.

खातं माणसाच्या नावाचं असेल तर तिथंच उठा. एसटी चुकू दे.

पावतीही मी घरी येऊन वाचली. तिच्यावर बारीक अक्षरात 'ऐच्छिक सहयोग निधी, परतावा मिळणार नाही' असं छापलंय. आणि प्रशिक्षण तीन दिवसांचं सांगत होते. खऱ्या योजनेत गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण असतं, आणि ड्रोन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक ड्रोनला नोंदणीचा स्वतंत्र क्रमांक असतो. मेळाव्यात जो उडवून दाखवला त्याचा क्रमांक मी विचारला नाही. तुम्ही विचारा.

विम्याचे पैसे भरल्यावर आठव्या दिवशी फोन बंद. हॉलवाल्याकडं गेलो तर त्यानं भाड्याची पावती दाखवली, नाव तिसरंच.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, पैसे कोल्हापुरात दिलेत, तिथं जा. तिथले म्हणाले, बँकेतून गेलेत, सायबरकडं जा. सायबरवाल्यांनी पावती बघितली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही समोरासमोर जाऊन दिलेत, आणि हा तर सहयोग निधी लिहिलाय." शेती खात्याच्या कार्यालयात तर उत्तर मिळालं की ही आमची योजनाच नव्हे, पंचायत समितीत विचारा. सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला दोन बायकांचा रोज बुडाला. एका साहेबांनी विचारलं, "नवऱ्यांना विचारलं नव्हतं का?" बारा बायकांची फसवणूक झाली आणि याला नवरे आठवले!

मग एका वकील ताईंनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवता येते. रजिस्टर पोस्टानं पाठवली, तेव्हा कुठं बोलावणं आलं. हे पहिल्या दिवशी कुणीच का सांगत नाही?

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, त्यावर फोन मी नवव्या दिवशी केला. त्या खात्यात तोवर ३,१४० रुपये उरले होते, तेवढे गोठवले. पैसे गेल्याचं कळलं त्याच तासाला करा, लाजत बसू नका. मी दिवसभर लाजत बसले होते.

बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या आमच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या ताईंना, आधी विचारलं असतं तर त्यांनी प्रभागसंघात, म्हणजे आसपासच्या गावांतल्या गटांच्या संघात, चौकशी केली असती. चहा प्यायच्या अंतरावर राहतात त्या. अनुदान वगळून उरलेल्या रकमेला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जाची सोय आहे, व्याजात ३ टक्के सवलत आहे. हॉलमध्ये कुणी पैसे गोळा करायला बसत नाही.

बायकांचे दहा-दहा हजार मी फेडतेय. चौघींचे दिलेत, आठजणींचे राहिलेत. कुणी मागितले नाहीत, पण हळदी-कुंकवाला दोघी आल्या नाहीत.

गडहिंग्लज आणि कागलकडच्या गटांनीही त्याच हॉलवर पैसे भरलेत असं कानावर आलंय. पावती आणि बँकेची स्लिप, दोन्हीच्या झेरॉक्स काढून ठेवा. खातेदाराचं नाव जुळलं तर आपण सगळ्याजणी एकत्र अर्ज देऊ.