गोल्फर्स एल्बो: पट्टा, रबरी दांडा, जाड ग्रिप आणि ग्राफाइट शाफ्ट, सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाई असलेले खरेदीला मोकळे. गोल्फर्स एल्बोसाठी, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्यासाठी, मी जे जे घेतलं त्यातल्या स्वस्त वस्तू जास्त उपयोगी पडल्या, आणि सगळ्यात महाग होती तिचा फरक अजून शोधतोय. पहिला नंबर रबरी दांड्याचा, त्याच्या पाठोपाठ घरातली हातोडी, मग जाड ग्रिप (क्लबची मूठ), मग पट्टा आणि सर्वांत शेवटी ग्राफाइट शाफ्ट (क्लबची हलकी कार्बनची काठी). या सगळ्यांहून मोठा फरक पडला तो रेंजवर (सरावाच्या मैदानावर) थेट मॅटवर ठेवलेल्या चेंडूला आयर्न (लोखंडी डोक्याचे क्लब) मारणं बंद केल्याने, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मी उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप विशीच्या पुढे, म्हणजे साधा हौशी खेळाडू. शनिवार-रविवार पुण्यात सकाळचा खेळ, आणि आठवड्यात जमेल तेव्हा ऑफिस सुटल्यावर रेंज. दुखणं उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाचा उंचवटा लागतो तिथे आणि त्याच्या बोटभर खाली. खेळताना अंग गरम झालं की ते फारसं जाणवायचं नाही. जाणवायचं ते घरी परतताना स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना. मग बरणीचं झाकण, भरलेला कुकर, ओला टॉवेल. लग्नसमारंभात कोणी उत्साहाने हात मिळवला की डोळ्यांत पाणी यायचं आणि समोरच्याला वाटायचं, काय प्रेम आहे!

मनगट तळव्याकडे वाकवणारे आणि पंजा पालथा करणारे स्नायू त्या उंचवट्याला एकाच जाड टेंडनने (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोराने) जोडलेले असतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या खाली येणाऱ्या स्विंगमध्ये उजव्या हाताचे हेच स्नायू आवळलेले असतात, आणि नेमक्या त्याच क्षणी क्लब जमिनीवर आदळला तर झटका थेट तिथे पोचतो. अनेक महिने जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते, टेंडनचे तंतू झिजून विस्कटलेले असतात. म्हणून बर्फ, जेल आणि वेदनाशामक गोळ्या तेवढ्यापुरत्या बऱ्या वाटतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. टेंडनला हळूहळू, मोजूनमापून भार द्यावा लागतो. नुसता आराम दिला की दुखणं झोपतं, क्लब उचलला की उठतं.

दुखणं बाहेरच्या बाजूला असेल तर तो टेनिस एल्बो. तो काय असतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 2004 मध्ये सचिनचं कोपर दुखायला लागलं आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आपल्याकडे चहाच्या टपरीवरही अस्थिरोगतज्ज्ञ बसलेले असायचे. गोल्फ खेळणाऱ्यांनाही टेनिस एल्बो भरपूर होतो, उजव्या हाताने खेळणाऱ्यांना बहुधा डाव्या कोपराला. खरेदीआधी बोट नेमकं कुठे जातं ते बघा, कारण दोन्हींचा व्यायाम उलट दिशेचा आहे. आणि करंगळी-अनामिकेत मुंग्या येत असतील तर हे वाचणं थांबवून डॉक्टरकडे जा. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी नस त्याच उंचवट्याच्या मागून जाते. ती दबत असेल तर पट्टा आवळून बसणं बरोबर नाही.

आता रबरी दांडा. साधारण फूटभर लांब, भरीव, रंगावरून कडकपणा ठरतो. थेराबँड कंपनीच्या फ्लेक्सबार या दांड्यात लाल हलका, हिरवा मध्यम, निळा कडक. बाजारात याच्या नकला पुष्कळ आहेत. मी आधी एक नक्कल घेतली होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. रंग लाल, कडकपणा निळ्याचा, आणि वास असा की तो आठवडाभर गॅलरीत ठेवावा लागला. रंगांचं कोष्टक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं हे लक्षात ठेवा, आणि शक्य असेल तर दुकानात हातात घेऊन पिळून बघा.

पद्धत अशी. दुखऱ्या हाताचं मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवून दांड्याचं एक टोक धरायचं. दुसऱ्या हाताने दुसरं टोक पकडून दांडा पिळायचा. पीळ तसाच ठेवून दोन्ही हात समोर सरळ करायचे. मग चांगला हात घट्ट ठेवून, दुखऱ्या हाताचं मनगट हळूहळू मागे जाऊ देत पीळ सोडायचा, मनात चार मोजत. सगळं औषध या सोडण्यात आहे. घाईने सोडलं तर नुसती करमणूक. 15 वेळा, असे तीन सेट, रोज. टेनिस एल्बोसाठी मनगट उलट्या बाजूला वाकवून हेच करतात. त्यावरचा अमेरिकेतला अभ्यास 2010 मध्ये आला आणि गोल्फर्स एल्बोसाठीचा उलटा पीळ 2014 मध्ये. दोन्हींत रुग्ण वीस-एकवीसच होते, त्यामुळे फार मोठे दावे करण्यात अर्थ नाही. पण माझ्या फिजिओनेही हाच व्यायाम दिला.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नव्हता, उलट दुसऱ्या दिवशी कोपर थोडं ठणकायचं. फिजिओचा नियम: करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते आदल्या दिवसाइतकं खाली यायला हवं. नाही आलं तर एक सेट कमी. हा नियम मला अख्ख्या उपचारातला सगळ्यात कामाचा वाटला, कारण त्याने भीती गेली. साधारण दीड महिन्यानंतर कधीतरी लक्षात आलं की सिग्नलला थांबल्यावर मी हात झटकत नाहीये. लाल दांडा तिन्ही सेटमध्ये अगदी सहज पिळला जाऊ लागल्यावर हिरवा घेतला. निळा माझ्या वयाला आणि मनगटाला नको.

हातोडीचा व्यायाम फुकटचा. मांडीवर किंवा टेबलावर हात टेकवून हातोडी तिच्या दांड्याच्या टोकाशी धरायची, हातोडीचं डोकं वर. मग हळूहळू एका बाजूला आडवी, परत उभी, दुसऱ्या बाजूला आडवी. पंजा पालथा करणारा स्नायू या दुखण्यात बरोबरीचा भागीदार असतो आणि रबरी दांडा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. हातोडी जड वाटली तर तिच्या डोक्याच्या जवळ पकडा. घरच्यांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

पट्ट्याबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. अरुंद, वेल्क्रोचा, आत छोटी गादी असलेला पट्टा. बरेच जण तो दुखऱ्या हाडावरच बांधतात. त्याची जागा कोपराच्या दोन बोटं खाली, मांसल भागावर, आणि गादी आतल्या बाजूच्या स्नायूवर. मूठ आवळली की दाब जाणवावा, सैल सोडली की विसरायला व्हावं, एवढाच घट्ट. बोटं थंड पडली किंवा बधिर झाली तर फार आवळलाय. नीट बांधला तर पहिल्याच दिवशी खेळताना वेदना बरीच कमी वाटते, आणि इथेच त्याचा धोका आहे. वेदना कमी म्हणून नऊच्या जागी अठरा होल होतात आणि रविवारची संध्याकाळ जेल चोळण्यात जाते. मी तो फक्त कोर्सवर आणि लांबच्या स्कूटर प्रवासात वापरला. ऑफिसात दिवसभर बांधून बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये घामाने तो भिजतो, खाज सुटते, वेल्क्रोत धागे अडकतात आणि चारेक महिन्यांत पकड सैल होते. हाताने धुऊन सावलीत वाळवला तर थोडा अधिक टिकतो. कोपरभर चढवायचा लवचिक मोजाही घेतला होता. डिसेंबरच्या सकाळी ऊब देतो, बाकी काही नाही. चिकट रंगीत टेप घामाने दुसऱ्या होलपर्यंत सुटते.

ग्रिप मात्र अपेक्षेपेक्षा बरी निघाली. बारीक ग्रिप असली की माणूस ती नकळत आवळतो, आणि आवळलेली मूठ म्हणजे तेच स्नायू. तपासायची पद्धत सोपी: डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकावीत. ती तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. माझी रुतत होती. मिडसाइज ग्रिप साध्या ग्रिपपेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने जाड असते. सगळे क्लब एकदम बदलण्याआधी एका सात नंबरच्या आयर्नवर प्रयोग केला, तोही साध्या ग्रिपखाली टेपचे जादा थर देऊन. एका थराने जाडी साधारण 0.4 मिलिमीटर वाढते, म्हणजे चार थरांत मिडसाइजचं काम होतं. जमलं, मग पटर (हिरवळीवर चेंडू होलकडे ढकलायचा क्लब) सोडून सगळे बदलून घेतले. सुरुवातीला चेंडू उजवीकडे जायला लागले, कारण जाड ग्रिपवर मनगटं उशिरा वळतात. दोन-तीन आठवड्यांत ते बसलं. पावसाळ्यात खारघरला सिडकोच्या कोर्सवर खेळलो तेव्हा आणखी एक कळलं: ग्रिप ओली झाली की जाडीचा फायदा संपतो, कारण निसटेल या भीतीने आपण आवळतोच. दोन कोरडे टॉवेल आणि पावसाळी हातमोजे सोबत हवेत.

आता मॅट. गोल्फच्या चेंडूचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, आणि क्लबशी त्याचा स्पर्श सेकंदाच्या साधारण अर्ध्या हजाराव्या भागाचा. एवढ्याशा चेंडूने कोपर बिघडत नाही. बिघडतं ते जमिनीने. गवतावर क्लब चेंडूच्या आधी मातीत घुसला तर चेंडू वीस पावलांवर पडतो आणि चूक लगेच दिसते. काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ मॅटवर तोच फटका घसरत पुढे जातो, चेंडू बऱ्यापैकी उडतो, आपण खूश, आणि धक्का मात्र शाफ्टमधून हातात आलेला असतो. बकेटभर चेंडू म्हणजे असे किती धक्के याचा हिशेब आपला आपण करावा. माझ्या नेहमीच्या कॅडीने (क्लबची बॅग उचलणाऱ्याने) हे फिजिओच्या आधी सांगितलं होतं: "साहेब, तुम्ही बॉल नाही, जमीन मारताय." आता मॅटवर फक्त ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब), आणि टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेल्या चेंडूला आयर्न मारतो. बाकी सराव चिपिंग ग्रीनजवळच्या गवतावर.

परत खेळायला लागण्याचा क्रमही त्यावरूनच ठरला: आधी पटिंग, मग चिप (छोटा उचललेला फटका), मग टीवरून अर्ध्या स्विंगचे वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब), मग ड्रायव्हर, आणि गवतावरून लांब आयर्न सगळ्यात शेवटी. पूर्ण स्विंगचा ड्रायव्हर आयर्नच्या आधी कसा, असं बरेच जण विचारतात. तो जमिनीला लागत नाही, म्हणून. एप्रिल-मेमध्ये फेअरवेची (कापलेल्या गवताच्या मधल्या भागाची) कड टणक होते, तेव्हा रफमधून (वाढलेल्या गवतातून) किंवा मुळांजवळून मारायची वेळ आली तर मी सरळ पेनल्टीचा एक शॉट घेऊन चेंडू बाहेर काढतो.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघाला होता. मी घेतलं नाही. टेनिस एल्बोवरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2013 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. आतल्या बाजूच्या दुखण्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही, पण मला थांबायला तेवढं पुरलं. ज्यांना रोजच्या कामातही हात उचलवत नाही त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो. तो डॉक्टरशी बोलूनच घ्यावा.

सध्याची स्थिती: आठवड्याला एकदा अठरा होल, पट्ट्याशिवाय. थंडीत पहिल्या होलला कोपर जरा आखडलेलं वाटतं, दोन-तीन होलनंतर सुटतं. दांडा आठवड्यातून तीनदा चालू आहे. बंद केला की पंधरा-वीस दिवसांत जुनी कुरकुर परत येते, हे दिवाळीच्या सुट्टीत पाहून झालंय.

राहिला ग्राफाइट. आयर्नमधले स्टीलचे शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅमचे, ग्राफाइटचे बरेचसे 50 ते 80 ग्रॅमच्या आसपास, आणि कंपनं ते जास्त शोषतात. फटका मऊ लागतो हे पहिल्याच दिवशी कळतं. पण मी ते घेतले तोवर कोपर बरंच सुधारलेलं होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं हे सांगता येत नाही, आणि खर्च मात्र बाकी सगळ्यांच्या बेरजेच्या कितीतरी पट झाला. नवा सेट घ्यायचाच असेल तर ग्राफाइट घ्या, साठीच्या आसपास असाल तर नक्कीच. फक्त कोपरासाठी चांगला चालणारा स्टीलचा सेट काढून टाकू नका. घ्यायचाच झाला तर आधी मित्राचा एखादा क्लब मागून गवतावर नऊ होल खेळून बघा. दुकानातल्या जाळीत, मॅटवर दहा चेंडू मारून काही कळत नाही. जुना सेट घेणार असाल तर शाफ्टवर क्लबच्या डोक्यापाशी बारीक तडे नाहीत ना हे उजेडात फिरवून बघून घ्या, आणि ग्रिप बदलण्याचे पैसे किमतीतून वजा करायला लावा.