पाटोवरचा कंपनी-मालकीचा वर्ग: रशिया दमदार, भारत घाईघाईत

पणजीत पाटोला भरणारा हा दोन शनिवारांचा मराठी वर्ग सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि कंपनी कायद्याची कामं घेणाऱ्या वकिलांसाठी आहे. समाजवाद सोडलेल्या देशांत सरकारी कारखाने खासगी झाले, तेव्हा शेअर कुणाकडे गेले आणि ताबा कुणाकडे राहिला, हा विषय.

रशियाचं सत्र सर्वांत सरस. 1996 पासून लागू झालेल्या कायद्याने 1000 हून जास्त मतदार भागधारक असलेल्या कंपनीत संचालक निवडताना क्युम्युलेटिव्ह व्होटिंग सक्तीचं केलं, म्हणजे दर शेअरला जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला टाकता येतात. फळ्यावर गणित करून दाखवतात: नऊ संचालक असतील तर 10 टक्क्यांच्या थोडं वर शेअर असले की एक जागा पक्की. मंडळ सातांचं केलं की त्याच जागेला 12.5 टक्क्यांच्या वर लागतात. 12 टक्केवाला बाहेर, त्याच्या एकाही शेअरला हात न लावता! मग भागधारकांचं रजिस्टर. 1994 मध्ये क्रास्नोयार्स्कच्या अॅल्युमिनियम कारखान्याने परदेशी गटाच्या सुमारे 20 टक्के शेअरची नोंदच खोडली. रजिस्टर कंपनीच्याच ताब्यात होतं. पुढे 500 हून जास्त भागधारक असतील तर बाहेरचा रजिस्ट्रार बंधनकारक झाला, पण तोही कंपनीच्या मुठीतला निघायचा.

चेक प्रजासत्ताकाचा भागही चोख. 1035 कोरुनांत 1000 पॉइंटांचं कूपन पुस्तक, ते पॉइंट टाकून शेअर घ्यायचे. बहुतेक पॉइंट गेले गुंतवणूक फंडांकडे. मोठे फंड बँकांचे आणि बँकांत सरकारचा हिस्सा, म्हणजे कर्ज देणारा आणि मालक एकच. शेअर बाजारावर देखरेख करणारा रोखे आयोग आला 1998 मध्ये, तोवर कित्येक कंपन्या आतून पोखरल्या होत्या. पोलंड मात्र उरकतात. 15 फंडांत 512 कंपन्या कशा वाटल्या, याचा तक्ता तरी द्यायचा.

भारताचा भाग कच्चा. नोट्समध्ये ‘51 टक्के म्हणजे ताबा’ असं छापलंय. पण आर्टिकल्स (कंपनीची नियमावली) बदलण्यासारख्या विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. म्हणजे 26 टक्केवाला आर्टिकल्समधला बदल रोखू शकतो. कंपनी कायद्याच्या कलम 163 खाली तेच क्युम्युलेटिव्ह व्होटिंग आपल्याकडे ऐच्छिक आहे, त्यावर जेमतेम एक ओळ. शेअर विकण्यावरची बंधनं नुसत्या भागधारक करारात ठेवली, आर्टिकल्समध्ये उतरवली नाहीत, तर ती कंपनीला बांधत नाहीत (सुप्रीम कोर्टाचा रंगराज निकाल, 1991), याचा उल्लेखच नाही. गोव्यात परदेशी भागीदार घेऊन हॉटेल कंपनी काढणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं, आणि मग एनसीएलटीसाठी (कंपन्यांचे वाद ऐकणारा न्यायाधिकरण) मुंबई गाठावी लागते.

परदेशांचा पहिला शनिवार वेगळा घेता येतो. तेवढाच घ्या.