लिंडी की बाल्बोआ? वेगवान गाण्यांना भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाचं मत

सहा-आठ महिने लिंडी हॉप, म्हणजे स्विंग जॅझवरचा तो जोडीनं करायचा नाच, करून झालीय. स्विंगआउट ही तिची मुख्य स्टेप दहापैकी सात वेळा जमते, आणि सोशलला, म्हणजे नुसतं नाचायला जमतात त्या संध्याकाळी, अनोळखी माणसाला ‘नाचायचं का?’ विचारताना आता घसा कोरडा पडत नाही. अशात कुणीतरी बाल्बोआच्या, म्हणजे त्याच संगीतावर एकमेकांच्या अगदी जवळ राहून करायच्या नाचाच्या, क्लासचं कानावर घालतं. आठवड्यातली मोकळी संध्याकाळ एकच. ती लिंडीलाच द्यावी की बाल्बोआकडे वळावं? या पेचात मी बरेच दिवस होतो, म्हणून लिहितोय. चार वर्षं लिंडी आणि त्यापुढची तीन बाल्बोआ, एवढीच माझी पुंजी. स्पर्धेत कधी उतरलो नाही, शिकवत तर नाहीच. माझा कल कुठे आहे ते लवकरच कळेल, तो लपवण्याइतका मी हुशार नाही.

आधी लिंडीचं देणं मान्य करतो. लिंडीची सगळी मजा त्या ताणात आहे. दोघांना जोडणारा एकच हात, दोघंही किंचित मागे रेललेले, आठव्या ठोक्याच्या शेवटी तो हात दोरीसारखा ताणला जातो आणि पुढच्या पहिल्या ठोक्याला समोरचा माणूस आपसूक आपल्याकडे येतो. मला ते पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा मी चक्क मोठ्यानं हसलो होतो. शिवाय हात सुटले की ज्याला जे सुचेल ते करायला मोकळीक. गाण्यात मध्येच वाद्यं थांबतात तिथे दोघांनी एकाच वेळी थबकणं, आणि मग ‘तुलाही ऐकू आलं ना?’ अशी नजरानजर. बाल्बोआत ही गंमत आहे, पण एवढी उघड नाही.

माणसांच्या बाबतीतही लिंडीचं पारडं जड. स्विंगच्या कुठल्याही सोशलला जा, बहुतेकांना लिंडी येते. एक क्लास करून आलेला नवखा आणि वीस वर्षं नाचणारा मुरलेला गडी एकाच गाण्याला मजेत नाचू शकतात. बाल्बोआत तसं होत नाही. तिथे समोरच्याला येत नसेल तर दोघांचंही अवघडलेलं ध्यान होतं.

दोन्ही नाचांच्या स्वभावातला फरक ते कुठे वाढले यातून कळतो असं मला वाटतं. लिंडी न्यूयॉर्कच्या हार्लेममधली, तिथल्या आफ्रिकन-अमेरिकन तरुणांनी घडवलेली. 1926 मध्ये उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूमचा हॉल लेनॉक्स अव्हेन्यूवर 140व्या रस्त्यापासून 141व्या रस्त्यापर्यंत पसरलेला होता. गर्दी तिथेही असायची, पण तयारीच्या नर्तकांचा एक कोपरा ठरलेला होता आणि तिथे ऐसपैस नाचून दाखवायची चढाओढ चालायची. तिथल्या फ्रँकी मॅनिंग या नामी नर्तकानं 1935 च्या सुमारास पार्टनरला पाठीवरून पलटी मारून उतरवलं ते अशाच चढाओढीत. (उचलून फेकण्याचे हे प्रकार सोशलला करायचे नसतात, हे तुम्हाला एव्हाना कुणीतरी सांगितलंच असेल.) बाल्बोआ दक्षिण कॅलिफोर्नियातला, न्यूपोर्ट बीचमधल्या बाल्बोआ द्वीपकल्पाचं नाव मिरवणारा. 1928 मध्ये तिथे उघडलेल्या रॉन्देव्हू बॉलरूमसारख्या हॉलमध्ये खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी असायची. लाथा झाडायला जागा नव्हती, म्हणून माणसं छातीला छाती लावून, पाय जमिनीलगत ठेवून नाचू लागली, असं सांगतात. थोडक्यात, एक नाच चार लोकांनी बघावा म्हणून फुलला आणि दुसरा कुणाला धक्का लागू नये म्हणून आक्रसला. माझ्यासारख्या संकोची माणसाला यातलं काय मानवणार हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. ते कळायला चार वर्षं आणि एक फजिती लागली.

त्या सोशलला प्रत्यक्ष बँड होता. दुसऱ्या सत्रात वादकांना रंग चढला. ड्रमरनं काठ्या एकमेकींवर आपटून चार ठोके दिले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ते चारही ठोके एका सेकंदात आटोपले होते. समोर एक बाई हात पुढे करून उभ्या होत्या. नाही म्हणवेना. पहिले दोन स्विंगआउट निभावले. तिसऱ्यात ट्रिपल स्टेपमधलं (दोन ठोक्यांत तीन पावलं) एक पाऊल गळालं. चौथ्यापासून मी ठोक्याच्या मागे. पाचव्यात त्या मला सांभाळून घेतायत हे दोघांनाही कळून चुकलं होतं. मग चार्ल्सटनचा, म्हणजे लाथा झाडायच्या जुन्या स्टेपचा, आसरा घेतला, त्यात पिंडऱ्या भरून आल्या. ट्रंपेटवाला तर त्याच्या सोलोसाठी अजून उठलासुद्धा नव्हता. गाणं संपल्यावर त्या हसून ‘थँक यू’ म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या. मीही गेलो, पण दुसऱ्या दिशेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर काही नव्हतं. पण त्यानंतर वेगवान गाणं लागलं की मी आपोआप भिंतीकडे सरकायला लागलो. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर ‘जरा दम खातोय’ असा भाव. एकदा सहज मोजलं: एका सत्रातल्या दहा गाण्यांपैकी चार गाणी मी भिंतीला टेकून होतो. आणि ती चारही अशी, की घरी मी तीच पुन्हा पुन्हा ऐकतो. चिक वेब, बेनी गुडमन यांच्या बँडांनी जीव तोडून वाजवलं ते बहुतेक अशाच वेगात. ज्या संगीतासाठी मी या नादाला लागलो, त्यातल्या ऐन रंगाच्या वेळी मी बाटलीचं झाकण उघड-बंद करत उभा. हे मला खुपत राहिलं. बाकी कशानंही नाही, याच एका गोष्टीनं माझं ठरलं.

जाणकार म्हणाले, दोष लिंडीचा नाही, तुझ्या तंत्राचा आहे. पावलं लहान घे, ट्रिपल स्टेप जमत नसेल तर सोडून दे, अंग सैल ठेव. ते चूक नव्हते. चांगले लिंडी हॉपर तुफान वेगातही हसत नाचतात, मी पाहिलेत. सहा महिने घासल्यावर माझीही मजल थोडी वाढली, मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या आसपासपर्यंत. त्यापुढे दम आणि गुडघा दोघांनी एकदमच हात टेकले.

अशाच एका संध्याकाळी भिंतीला टेकलेला असताना कोपऱ्यातल्या एका जोडीकडे लक्ष गेलं. दोघंही साठीच्या पुढचे. गाणं त्या फजितीच्या गाण्याहून वेगवान. कमरेच्या वर त्यांचं जवळपास काही हलत नव्हतं. खाली पावलं मात्र बारीक बारीक सरकत होती, आणि ते दोघं चक्क गप्पा मारत होते. मध्येच त्या काहीतरी बोलल्या, त्यावर आजोबा खो-खो हसले आणि पावलात एक वेलांटी घेऊन पुन्हा मूळ पदावर आले. मी बाटली खाली ठेवली ती तेव्हा.

पुढे क्लास लावल्यावर हिशेब मांडून पाहिला. मिनिटाला 240 ठोके म्हणजे सेकंदाला चार. स्विंगआउटमध्ये आठ ठोक्यांत दहा पावलं पडतात, म्हणजे दोन सेकंदांत दहा. बाल्बोआच्या साध्या बेसिकमध्ये तीन पावलं आणि एक ठोका विसावा, पुन्हा तीन पावलं आणि विसावा, म्हणजे त्याच दोन सेकंदांत सहा. तीही जमिनीपासून फारशी न उचललेली, आणि दोघांना एकमेकांपासून दूर जाऊन परत यायचं नाही. शास्त्र यात आणखी बरंच असेल. मला एवढंच कळतं, की ज्या गाण्याला माझा श्वास फुलायचा त्याच गाण्याला आता मी पार्टनरला ‘हा पियानोवाला भारी आहे’ असं सांगू शकतो.

आता बाल्बोआच्या कुरबुरी. त्या बऱ्याच आहेत आणि मी त्या झाकणार नाही.

पहिली म्हणजे जवळीक. शुद्ध बाल्बोआत छातीच्या वरच्या भागाचा स्पर्श धरलेला असतो आणि इशारे तिथूनच जातात, हातांनी नाही. पहिले दोन महिने मला कुठे बघावं ते कळायचं नाही. पार्टनरच्या खांद्यावरून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत नाचायचो. ज्याला किंवा जिला हा स्पर्श नको वाटतो, त्यांनी तो नको म्हणावा. बाल्स्विंग म्हणून त्याचं मोकळं रूप आहे, त्यात फिरक्या आहेत, बाहेर सोडणं-आत घेणं आहे, आणि तिथे अंतर ठेवता येतं. पण पाया जवळचाच. सोबत जादा शर्ट ठेवा, आणि तो अर्धी संध्याकाळ सरायच्या आधी बदला. लिंडीत घाम ही तुमची अडचण, बाल्बोआत ती दोघांची.

दुसरी, शिकणं डोळ्यांना दिसत नाही. लिंडीची एखादी स्टेप व्हिडिओत पाहून ढोबळमानानं उचलता येते. बाल्बोआचा व्हिडिओ म्हणजे दोन माणसं एका जागी थरथरतायत. वजन कुठल्या पायावर आहे, छाती किती पुढे आहे, हे शिकवणाऱ्याबरोबर उभं राहूनच कळतं. मी तर काही दिवस फॉलोची, म्हणजे इशारे पाळणाऱ्याची, बाजू शिकलो, तेव्हा कुठे माझं लीड, म्हणजे माझे इशारे, समोरच्याला काय सांगतं ते उमगलं. सांगत होतं ते फारसं चांगलं नव्हतं.

तिसरी, जमीन आणि बूट. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण लिंडीवाल्यांना लागू करा, बाल्बोआवाल्यांना करू नका, कारण इथे अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. पाय सरकवायचा असतो. रबरी तळ पकडून ठेवतो आणि तो पीळ थेट गुडघ्यात जातो. चामड्याचा किंवा स्वेडचा (मऊ, लव असलेल्या चामड्याचा) तळ हवाच, आणि तरीही फरशी चिकट असली तर सगळं मुसळ केरात. लिंडी अशा जमिनीवर निभावून नेता येते.

चौथी, माणसं कमी. पन्नास जणांच्या सोशलला बाल्बोआ येणारे कधी दहा असतात, कधी तीन, आणि त्यातला एक म्हणजे आपण. संथ गाण्यांनाही बाल्बोआ ओढूनताणून केल्यासारखा वाटतो, निदान मला. म्हणून मी लिंडी सोडलेली नाही. मध्यम चालीचं गाणं लागलं की आजही पहिला हात स्विंगआउटसाठीच पुढे होतो.

आणि हो, बघायला येणाऱ्या मित्रांना बाल्बोआ दाखवू नका. माझा एक मित्र अख्खं गाणं बघून म्हणाला, “सुरुवात कधी करणार?”

तेव्हा तुमचं काय? नुकतेच आला असाल, ओळखी व्हायच्या असतील, घाम गाळून मोकळं व्हायला आवडत असेल, तर लिंडीतच राहा. एकच काहीतरी शिकायचं म्हणाल तरी मी लिंडीच सांगेन, नाहीतर नाचायला माणसंच मिळणार नाहीत. पण वर्षभर लिंडी झाली असेल, गाणी नुसती ऐकायलाही आवडत असतील, गुडघा अधूनमधून बोलत असेल, तर माझ्या मते लिंडीच्या आणखी एका ‘पुढच्या लेव्हल’च्या क्लासपेक्षा बाल्बोआचे तीन महिने जास्त देऊन जातील. लिंडीलाही देतील: पावलं लहान होतात आणि हातानं ओढायची सवय सुटते. माझं लिंडीचं लीड सुधारलं ते बाल्बोआमुळे, असं माझ्या जुन्या पार्टनरांचं म्हणणं आहे. त्या भिडस्तपणानंही बोलत असतील, ते वेगळं.

अजून ठरत नसेल तर पुढच्या सोशलला एवढंच करा: आपण कुठल्या गाण्यांना बसून राहतो ते बघा. संथ गाण्यांना बसत असाल तर बाल्बोआचा काही उपयोग नाही, उलट तुम्हाला बरं लिंडी शिकवणारं कुणीतरी हवंय. वेगवान गाण्यांना बसत असाल, आणि बसल्या बसल्या पाय हलत असेल, तर बुटांना स्वेडचा तळ लावून घ्या. रुळायला आठवडाभर लागतो, तो आधीच उरकलेला बरा.