लिफ्टचं वायरिंग शिकायचंय: लिफ्ट मेकॅनिक ट्रेड, इलेक्ट्रिशियन ट्रेड की सरळ साइट?

दहावीनंतर लिफ्टच्या लाइनमध्ये शिरायचे मुख्य रस्ते तीन. आयटीआयचा दोन वर्षांचा 'लिफ्ट अँड एस्कलेटर मेकॅनिक' ट्रेड. आयटीआयचाच दोन वर्षांचा 'इलेक्ट्रिशियन' ट्रेड आणि पुढे लिफ्ट कंपनीत अप्रेंटिसशिप. किंवा एखाद्या लिफ्ट कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून लागून साइटवरच शिकणं. पहिल्या दोन्हींना दहावीत विज्ञान आणि गणित हवं. तिसऱ्याला कोणी मार्कशीटही विचारत नाही.

नाव वाचून पहिला रस्ता सगळ्यात थेट वाटतो. आमचा कौल मात्र बहुतेकांसाठी दुसऱ्याला आहे. कारण समजायला आधी लिफ्टच्या वायरिंगमध्ये वेगळं काय असतं ते पाहू.

घराच्या वायरिंगमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा दिवा लागत नाही किंवा एमसीबी पडतो. लिफ्टमध्ये चूक लपून राहू शकते. एकाच शाफ्टमध्ये (लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते तो उभा बोगदा) आणि कंट्रोलरच्या पॅनलमध्ये मोटरची थ्री फेज पॉवर, ब्रेक कॉइलचा डीसी, बटणांचे २४ व्होल्ट आणि सेफ्टी सर्किट असं सगळं शेजारी शेजारी चालतं. सेफ्टी सर्किट बऱ्याच कंट्रोलरमध्ये ११० व्होल्टचं असतं. पिटमधला (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यातला) स्टॉप स्विच, गव्हर्नरचा (वेग वाढला की ओळखणाऱ्या यंत्राचा) स्विच, गव्हर्नर रोपच्या टेन्शन पुलीचा स्विच, फायनल लिमिट (कार शेवटच्या मजल्यापलीकडे गेली तर उघडणारा स्विच), सेफ्टी गिअरचा (कारला रेलवर पकडून थांबवणाऱ्या ब्रेकचा) स्विच, कारटॉपचा, म्हणजे लिफ्टच्या केबिनच्या छतावरचा स्टॉप, प्रत्येक मजल्याचं दरवाजाचं लॉक आणि कारच्या दरवाजाचा कॉन्टॅक्ट हे सगळे सिरीजमध्ये असतात. एक जरी उघडला तरी मोटरची पॉवर तुटते आणि ब्रेक बसतो. लिफ्टच्या इलेक्ट्रिशियनची खरी परीक्षा या सर्किटवर होते, म्हणून तिन्ही रस्ते आम्ही याच कसोटीवर लावतो.

उदाहरण घ्या. तळमजला अधिक सात, म्हणजे आठ मजल्यांची लिफ्ट. मधूनच थांबते आणि कंट्रोलरवर दरवाजाच्या लॉकचा फॉल्ट येतो. नवशिक्या मेनस्विच बंद करून कंटिन्युइटी बघतो. बझर वाजतो, सगळं ठीक दिसतं. थोडं शिकलेला व्होल्टेज मोजतो, पण साखळीच्या शेवटी असलेल्या रिलेची (मोटरची पॉवर जोडू देणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या स्विचची) वायर काढून. तेव्हाही पूर्ण ११० दिसतात. दोघंही फसतात. एखाद्या लॉकचा कॉन्टॅक्ट कार्बन धरून काळा पडलेला असेल, तर मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की त्याला तो रेझिस्टन्स जाणवतच नाही. रिलेची कॉइल जोडून मोजलं की तेच ११० खाली उतरलेले दिसतात. मग एक प्रोब कॉमनवर ठेवून दुसरा साखळीतल्या एकेका टर्मिनलवर पुढे नेत जायचं. जिथे व्होल्टेज पडतं तिथे दोष. पॅनलमध्ये सगळ्या लॉकची मिळून दोनच टर्मिनलं असतात, त्यामुळे अखेर कारटॉपवरून इन्स्पेक्शनमध्ये (छतावरच्या बटणांनी कार हळू चालवत) एकेक मजला तपासावाच लागतो.

व्होल्टेज ड्रॉप म्हणजे काय, लोडवर मोजणं आणि लोडशिवाय मोजणं यात फरक का पडतो, हे इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये हाताला पक्कं बसतं. २०२२ नंतरच्या अभ्यासक्रमात वर्षाला साधारण १२०० तास आहेत, त्यातले ८४० प्रॅक्टिकलचे. पहिल्या वर्षी जॉइंट, वायरिंग, अर्थिंग, मापन. दुसऱ्या वर्षी मोटर, स्टार्टर, कंट्रोल पॅनल, एसी ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण). रेल, रोप आणि दरवाजांचं अलाइनमेंट मात्र इथे शिकवत नाहीत.

लिफ्ट मेकॅनिक ट्रेडमध्ये ते शिकवतात, आणि चांगल्या संस्थेत हा ट्रेड खरोखर सरस आहे. सगळं अवलंबून आहे ते शाफ्टवर. प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन बघा: प्रशिक्षणाची लिफ्ट चालू आहे का, मजले किती, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः कारटॉपवर जायला मिळतं का. चढण्याची रीत अशी: किल्लीने दरवाजा उघडून कार थांबवायची, दरवाजा उघडा असताना कॉल देऊन कार हलत नाही ना बघायचं, बाहेरून हात घालून स्टॉप दाबायचा, दरवाजा लावून कॉल देऊन पाहायचं, मग इन्स्पेक्शन स्विच टाकून, स्टॉप सोडून, तशीच परीक्षा, पुन्हा स्टॉप दाबून मगच पाय ठेवायचा. फळ्यावर ही रीत पाठ होते, अंगवळणी पडत नाही. चालू शाफ्ट नसेल तर हा ट्रेड घेऊ नका. त्यापेक्षा जवळच्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन बरा.

आता हेल्परचा रस्ता. त्याचं मोल आम्ही कमी मानत नाही. ट्रॅव्हलिंग केबल (कारसोबत वर-खाली जाणारी लोंबती केबल) कशी टांगायची हे साइटवरच नीट कळतं: चपट्या केबलला वेजचा क्लॅम्प, वजन क्लॅम्पवर, तांब्याच्या तारांवर नाही, कार दबलेल्या बफरवर (पिटमधल्या धक्का झेलणाऱ्या स्प्रिंग किंवा तेलाच्या ठोकळ्यावर) असली तरी लूप पिटच्या जमिनीला टेकता कामा नये, २४ कोअरच्या केबलमध्ये काही कोअर राखीव ठेवायचे. एन्कोडरची (मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरची) केबल मोटरच्या केबलपासून वेगळ्या मार्गाने न्यायची आणि मोटरच्या केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं जाळीदार आवरण) दोन्ही टोकांना अर्थ करायचं, नाहीतर ड्राइव्ह विनाकारण ट्रिप होतो किंवा लिफ्ट मजल्याच्या खाली-वर थांबते. हे हेल्परला सहा महिन्यांत येतं.

पण त्याच सहा महिन्यांत तो 'शॉर्ट मारणं'ही शिकतो. लॉकचा दोष सापडत नाही, सोसायटीचा फोन चालू, मग पॅनलमध्ये दोन टर्मिनलांत वायरचा तुकडा. लिफ्ट धावू लागते, आणि तो तुकडा काढायचा राहिला तर उघड्या दरवाजानिशीही धावते. असाच पूल नकळतही तयार होतो. सेफ्टी सप्लायचं एक टोक पॅनलमध्ये अर्थ केलेलं असतं, ते यासाठी की साखळीतली वायर कुठे सोलून रेलला लागली तर फ्यूज उडावा आणि लिफ्ट थांबावी. एखादा अर्धवट शिकलेला माणूस फ्यूज सारखा उडतो म्हणून ती अर्थची वायरच काढून टाकतो. आता पहिला अर्थ फॉल्ट मुकाट बसतो आणि दुसरा आला की दोन्हींच्या मधली लॉकं रेलच्या लोखंडातून बायपास होतात. जो हे कारण समजून शिकला नाही, त्याच्या हाती पॅनल देऊ नये असं आम्ही ठामपणे म्हणतो. कारण समजून घ्यायला वर्ग आणि वर्कशॉप लागतंच.

म्हणून दुसरा रस्ता: आयटीआय इलेक्ट्रिशियन आणि मग अप्रेंटिसशिप. ही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेलीच हवी. नुसतं 'ट्रेनी' म्हणून पत्र दिलं तर परीक्षा नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही नाही. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये ठरवलं होतं. सध्याचा आकडा करारात वाचून घ्या. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात येतो, म्हणून बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा.

करार करताना एकच गोष्ट अडून मागा: वर्षातले किमान चार महिने नवीन लिफ्टच्या इन्स्टॉलेशनवर. बऱ्याच ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर सर्व्हिसला पाठवतात. तेल-पुसणी आणि गाइड शू बदलणं येतं, पण रिकाम्या शाफ्टमधून पहिली वायर ओढण्यापासून कमिशनिंगपर्यंतचा (लिफ्ट तपासून चालू करण्यापर्यंतचा) क्रम कळत नाही. मेगरचं (वायरचं इन्सुलेशन जास्त व्होल्टेज देऊन तपासणाऱ्या मीटरचं) एक उदाहरण पुरे. ५०० व्होल्टचा मेगर लावण्याआधी ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड सुटे करायचे असतात. इन्स्टॉलेशनवर हे फोरमन करताना दिसतं. न पाहिलेला पोरगा पुढे सर्व्हिसला मेगर लावतो आणि बोर्ड जाळतो.

दहावीत विज्ञान-गणित नसेल, तर आठवी पास असल्यास आयटीआयचा वायरमन ट्रेड विचारा; तोही दोन वर्षांचाच आहे. पैशांमुळे तेही जमत नसेल आणि हेल्परच व्हावं लागलं, तर निदान परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडे लागा, स्वतःचा मल्टिमीटर घ्या, आणि ड्राइव्हचा मेनस्विच बंद केल्यावरही डीसी बसचे (ड्राइव्हच्या आतल्या डीसी भागाचे) कपॅसिटर रिकामे व्हायला ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं मोजून, मीटरने शून्य बघूनच हात घाला.