ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासून घेतलं, त्याचा अनुभव

मिरकरवाड्याजवळच्या बर्फ फॅक्टरीत मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर. आमचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, १९९८चा. दरवर्षी तेलाची बीडीव्ही काढायची, म्हणजे किती किलोव्होल्टपर्यंत तेल वीज अडवून धरतं ते बघायचं, ४० च्या वर आली की फाइल बंद. यंदा घाटावरच्या एका लॅबकडून फ्युरान टेस्टही करून घेतली; आतल्या तारांवर इन्सुलेशनचा कागद असतो, तो किती झिजलाय ते तिच्यात तेलावरून कळतं. शेठ म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी तेल फिल्टर केलंय, परत कसली टेस्ट?"

नमुना घ्यायला आलेला मुलगा पहिल्या दिवशी तसाच परत गेला. वळवाची सर आली होती आणि ओल्या हवेत तो बाटली उघडेना. दुसऱ्या दिवशी खालच्या वॉल्व्हमधून दोनेक लिटर तेल सोडून दिलं, त्याच तेलाने बाटली विसळली, मगच भरली. इथे आजवर पाण्याच्या बाटलीत तेल नेणारे बघितलेत. शिवाय रेडिएटरला टेकून रचलेली जाळी आणि क्रेट त्याने आधी हलवायला लावले. सहा-सात अंश जास्त तापलं की आतला कागद दुप्पट वेगाने म्हातारा होतो, म्हणाला.

रिपोर्टमध्ये बीडीव्ही ५२, म्हणजे उत्तम. पण फ्युरान ०.६२ पीपीएम. वाइंडिंगवरचा कागद कुजताना हे फ्युरान तेलात उतरतं, त्यावरून कागदाचा डीपी काढतात, म्हणजे त्याच्या तंतूंतल्या रेणूंच्या साखळ्या किती लांब उरल्यात तो आकडा; जितका कमी, तितका कागद कमजोर. नव्या कागदाचा हजाराच्या आसपास, २०० ला आयुष्य संपलं. आमचा ४९० लिहिलाय, पहिल्याच पानावर ठळक. खरी गोष्ट मात्र तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात: तेल फिल्टर करताना जुनं फ्युरान बरंच निघून जातं, त्यामुळे कागद आकड्यापेक्षा जास्त थकलेला असू शकतो. ही ओळ पहिल्या पानावर हवी होती. शेठनी तेवढंच पान वाचलं आणि "अर्धं आयुष्य आहे की" म्हणून मोकळे झाले. ती ओळ आली तीसुद्धा त्या मुलाने फिल्टरची तारीख विचारून घेतली म्हणून. फॉर्मवर तो रकानाच नाही.

दुसरी तक्रार उशिराची. १ जूनला मासेमारी बंद होते, बर्फाची मागणी बसते, तोच आमचा दुरुस्तीचा काळ. मेच्या मध्याला मिळायचा रिपोर्ट ४ जूनला आला. फोनवर मात्र केमिस्ट बाईंनी अर्धा तास नीट समजावलं.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षी याच लॅबकडे, त्याच वॉल्व्हमधून नमुना देणार, म्हणजे ०.६२ किती वेगाने वाढतंय ते दिसेल. पहिल्या दिवसाच्या फुकट फेरीचं गाडीभाडं शेठनी अजून पास केलेलं नाही.